मी बसलो

१२ जानेवारी

भाऊजी,

मायना काय लिहावा हे ठरवण्यात चहा गार झाला, म्हणून नुसतं भाऊजी. तुमच्या दादांच्या माघारी तेवढं नातं उरलंय, ते काही मला खोडता आलं नाही. पण प्रेमानं लिहितेय असा गैरसमज करून घेऊ नका. फोन तुम्ही माझा उचलत नाही. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचता आणि ढिम्म राहता. शिवाय मेसेजमध्ये माझं भांडण मावत नाही. तुमचा पत्ता तुम्ही काम करता त्या लिफ्टच्या कंपनीतल्या बाईंकडून काढला. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" मी म्हटलं, "वहिनी." तर म्हणतात, "अगंबाई, त्यांना कुणी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं!" ऐकून मला बरं वाटलं नाही, एवढं सांगून पुढे जाते.

कामाचं असं की तुमची पुतणी, तुमची ती बेडकी, तुम्हाला फोन करणार आहे. तिचा फोन तुम्ही उचलता, तेही मला ठाऊक आहे. वाढदिवसाला गच्चीवर जाऊन कुणाशी खुसफुसत असते ते न कळायला मी काही दुधखुळी नाही. तर ती विचारेल तेव्हा तुम्ही नाही म्हणायचं. ह्यासाठीच हे पत्र.

तिला तलाव पोहून पार करायचाय. आपल्या धक्क्यापासून पलीकडच्या काठापर्यंत. तिचा बाप जिथून निघाला होता तिथूनच, त्याच वाटेनं. अठरा पूर्ण झाल्यामुळे आता आईची सही लागत नाही म्हणे. क्लबच्या मास्तरांनी नाव घालून टाकलं, मार्चच्या पहिल्या रविवारचं. मला कधी कळलं माहितीये? सकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून बाहेर पडायची, आणि एक दिवस मी तिची वेणी घालायला बसले तर केसांना तलावाचा वास. शेवाळाचा, गार. लग्न झाल्यापासून रोज माझ्या उशीला यायचा तो वास, भाऊजी. मी हातातला कंगवा खाली ठेवला आणि विचारलं, "किती दिवस चाललंय हे?" ती म्हणाली, "आई, ओरडणार नसशील तर सांगते." मग काय, मी ओरडलेच.

प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर एक सोबती लागतो, छोट्या होडीत, वल्हं घेऊन, शेजारी शेजारी. ती म्हणते, "सोबतीला मला काकाच हवा, दुसरा कुणी चालणार नाही." मी म्हटलं, "तुझ्या बापालाही तोच हवा होता."

त्या दिवशी काय झालं ते आपल्या दोघांना पाठ आहे, तरी आपण ते एकमेकांशी कधी बोललो नाही. बोललो ते एवढंच: घर माणसांनी भरलेलं, ह्यांना संध्याकाळी पाण्यातून काढून आणलेलं, तुम्ही त्या कपाटाला टेकून उभे, अंगावर तेच ओले कपडे. मी विचारलं, "शेवटचं काय बोलले?" तुम्ही म्हणालात, "'बस' म्हणाला." मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि म्हणालात, "मी बसलो."

असं कुणी उत्तर देतं का हो? सख्खा भाऊ सांगतोय की बस, आता पुरे, मला काढ, आणि हा माणूस बसला. आणि वर तोंड करून सांगतोय की बसलो! पोहणाऱ्याला नुसता हात लागला तरी तो बाद होतो हा तुमचा नियम मला माहीत होता. त्या नियमापायी तुम्ही हात लावला नाहीत, असंच मी समजले. दुसरं काय समजणार? तुम्हीही 'नाही वहिनी, तसं नाही' असं एका अक्षरानं म्हणाला नाहीत. मी म्हटलं, ह्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडू नका. तुम्ही चपला घातल्यात आणि गेलात. चार वर्षं झाली. मला त्याचं वाईट वाटत नाही.

म्हणून सांगते, तिला नाही म्हणा. सोबती नसला की जाणं आपोआप रद्द होईल. मला पोरगी जिवंत हवी आहे, आणि तिचा जीव मी तुमच्या हातात देणार नाही. ह्या पत्राला उत्तर नको.

वहिनी


२ फेब्रुवारी

भाऊजी,

म्हणालात 'नाही'. मी सांगितलं तेच केलंत, तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मला जमणार नाही, बेडके," एवढंच बोललात म्हणे आणि फोन ठेवलात. अहो, पोरगी लहान होती तेव्हा धक्क्यावरून कपड्यांनिशी पाण्यात उडी मारली म्हणून तुम्हीच तिला बेडकी केलंत, तिला खांद्यावर घेऊन गावभर फिरलात, आणि तिला सांगायला चार शब्द नाहीत? दोन दिवस ती धड जेवली नाही. मी नाही म्हणायला सांगितलं होतं, तोंडावर फोन आपटायला नव्हतं सांगितलं.

आणि उपयोग काय झाला? शून्य. तिसऱ्या दिवशी उठून म्हणते, "काका नाही तर नाही. मास्तर देतील तो सोबती घेऊन जाते." मास्तर देणार होते तो मी बघून आले. दंड फुगवलेला एक पोरगा आहे, होडीत बसून मोबाइल बघतो. माझ्याशी बोलतानाही बघत होता. घरी आले आणि तोंडातून निघून गेलं, "मी येते तुझ्या सोबतीला."

बेडकी इतकी हसली की पलंगावरून पडायची बाकी राहिली. "आई, तू बादलीत वाकून बघायला घाबरतेस!"

घाबरतेच. पण तिला घरात कोंडून ठेवता येत नाही, मग निदान तिच्या बाजूला तरी असावं. तर तुमची वहिनी आता रविवारी सकाळी वल्हं मारते. हसा. मास्तरही हसले. पहिल्या दिवशी मी होडी जागच्या जागी गोल गोल फिरवली, आणि धक्क्यावरचे लोक हातातला चहा विसरून बघत होते. चष्मा पाण्यात पडेल म्हणून काढून ठेवला, तर समोरची बेडकी कुठली आणि बदक कुठलं हेही कळेना. मग दुकानातून चष्म्याची दोरी आणली. तिथं दिवसभर चाकावर चष्म्याच्या काचांच्या कडा घासते, हात कधी हलत नाही माझा, मालक गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवतात. वल्हं हातात आलं की तेच हात लटपटतात. घरी आल्यावर कंगवा उचलवत नाही.

मास्तरांनी शिकवलं त्यातलं एवढं डोक्यात राहिलं. ती श्वास डावीकडे घेते, म्हणून होडी डावीकडे ठेवायची. म्हणजे दर श्वासाला तिला सोबत्याचं तोंड दिसतं आणि सोबत्याला तिचं. गरम पाण्याची बाटली दोरीला बांधून फेकायची, हातात द्यायची नाही, हात लागला की बाद. आणि होडीत उठायचं नाही, काही झालं तरी. उठलं की होडी डुलते आणि पोहणाऱ्याच्या अंगावर जाते. मी विचारलं, "तिला थांबायचं असलं तर?" म्हणाले, "हात वर करेल." मी विचारलं, "आणि हात वर करायची ताकद नसली तर?" त्यावर मास्तर दोरीची गाठ बघत बसले.

दर श्वासाला तिचं तोंड दिसतं, हे मात्र खरं आहे. ह्यांच्याबरोबर एवढा संसार केला, पण पाण्यात असताना ह्यांचं तोंड कसं दिसायचं ते मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेले.

वाट कळावी म्हणून तलावात ओळीनं तरंगते नारिंगी बोये सोडलेत. तिसऱ्या बोयाच्या पलीकडे मी अजून गेलेले नाही. मास्तर तिथून होडी वळवतात, कारण सांगत नाहीत, मीही विचारत नाही. परवा निघताना मात्र हळूच म्हणाले, "बाई, रागावू नका. वल्हं तुम्ही शिकाल. पण वेळ आली तर तिला पाण्यातून ओढून घ्यायला तुमच्यात जोर नाही." मी म्हटलं, "बघू." घरी येऊन त्यांच्या नावानं बोटं मोडली. पण माणूस खोटं बोलला नव्हता.

उत्तर नकोच. फक्त कळवलं.

वहिनी


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घ्या.

बेडकी ठीक आहे. आधी हे लिहिते, कारण तुमचा जीव टांगणीला लागेल. झोपली आहे, पायाला गरम पाण्याची पिशवी लावून.

आज सकाळी धुकं होतं. मास्तर दुसऱ्या पोरांबरोबर पुढे गेले होते, आम्ही दोघी मागे. तिसऱ्या बोयापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. बोया मला दिसेना. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, सगळं पांढरं. नियम ठाऊक होता, तरी मी वल्हं आडवं धरलं आणि गुडघ्यांवर उठले, वरून दिसतो का बघायला. होडी डुलली. आणि पाण्यातून बेडकी ओरडली, "बस!"

मी बसले. पटकन बसले, भाऊजी, चोरी पकडल्यासारखी. वर "बसले गं बाई, बसले" असंही म्हणाले. आणि वल्हं मारायला लागले. मनात म्हणतेय, बघा कशी आईला दटावते, आता हिच्यासमोर नीट वल्हवून दाखवायचं. तसंच पुढे पुढे गेले. मग डावीकडे-उजवीकडे बघते तर ही नाही. मागे वळले. ती मागे राहिली होती, मान वर, तोंड उघडं, पाणी आत जातंय. पायात गोळा आला होता तिच्या. कशी वळवली होडी ते देवाला ठाऊक. मी तिला हात दिला असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी वल्हंच धरून बसले होते, बोटं सुटत नव्हती. तिनंच होडीचं टोक पकडलं आणि लोंबकळली.

खोकून खोकून जीव गेला तिचा. मग रडत म्हणते, "आई, बस म्हटलं ना मी तुला!"

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अगं, मी बसले की!"

भाऊजी, ते शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले आणि माझ्या कानांनी ते ऐकले.

तिला थांबायचं होतं. पुरे म्हणायचं होतं. मी उठले होते म्हणून मला ऐकू आलं ते 'खाली बस'. काय मेला शब्द आहे! पाहुण्याला म्हणायचं बस, वाढणाऱ्याला म्हणायचं बस, बसच पकडून गावाला जायचं. आणि मरणाच्या दारात माणसाला दुसरा शब्द आठवू नये?

त्या दिवशीही धुकं होतं. तुम्ही उठला होतात ना? बोया शोधायला, गुडघ्यांवर? ह्यांनी 'बस' म्हटलं आणि तुम्ही धाकट्या भावासारखे मुकाट्यानं बसलात. आणि वळून बघितलंत तेव्हा हे नव्हते. हे सगळं तुम्ही मला सांगितलं होतंत, तिथेच, कपाटाला टेकून. 'मी बसलो.' सांगायला तुमच्याकडे तेवढंच होतं, आणि मी त्याचा अर्थ लावला की हातावर हात ठेवून बसलात. नुसती मी नाही, भरल्या घरानं तोच लावला. मावशी तर म्हणाल्या होत्या, "बघा, निर्लज्जासारखा सांगतोय." कोपऱ्यात उभं राहून ऐकलंत तुम्ही ते.

पण मी तुमच्यावरही चिडले आहे, आणि ते लिहिल्याशिवाय राहणार नाही. एक वाक्य जास्त बोलला असतात तर काय जीभ झडली असती? 'वहिनी, मी उठलो होतो' एवढंच. चार वर्षं तोंडाला कुलूप लावून परक्या गावात लोकांच्या लिफ्ट वरखाली करत राहिलात. का? तर मला वाटतं, तुम्हालाच कळत नाही. ते 'खाली बस' होतं की 'आता पुरे' होतं, हे तुम्हाला आजही माहीत नाही. म्हणून बोलला नाहीत. मलाही आता माहीत नाही. संध्याकाळपासून मी ह्यांच्या आवाजात दोन्ही म्हणून बघतेय, आणि दोन्ही खरे वाटतात. हे कुणाला विचारायचं?

माफ केलं वगैरे मी लिहिणार नाही. माफ करण्यासारखं काही नव्हतंच, हा तर सगळा घोळ आहे. इतकी वर्षं मी ह्या रागाच्या आधारानं उभी होते. सकाळी उठायचं, डबा करायचा, दुकानात काचा घासायच्या, आणि मनात तुम्हाला शिव्या घालायच्या. आता शिव्या घालायला कुणी नाही आणि मला फार एकटं वाटतंय.

बेडकी ऐकायची नाही. पायाला पिशवी लावता लावता म्हणाली, "पुढच्या वेळी गरम पाणी लवकर दे, म्हणजे गोळा येणार नाही." पुढच्या वेळी! तिच्या बापासारखी आहे, शंभर टक्के. मी सोबतीला गेले तर मी तिला मारीन, हे मला आज कळलं. आणि त्या मोबाइलवाल्यावर माझा विश्वास नाही.

तुम्ही या. आधी येऊ नका म्हणून लिहिलं होतं, आता या म्हणून लिहितेय, काय म्हणायचं ते म्हणा मला. दुसरं कुणी हात देईल की नाही मला माहीत नाही. तुम्ही द्याल. जो एकदा तो शब्द ऐकून बसला तो पुन्हा बसणार नाही. उंबऱ्याचं जे बोलले होते ते मागे घेते.

वहिनी


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा मेसेज आला. 'शब्द ठरवा.' बस्स? चार वर्षांनी वहिनीला दोन शब्द? पण कळलं मला. येताय.

बेडकीला दाखवला, तर आधी नाचली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. मग आम्ही शब्द ठरवायला बसलो. 'पुरे' तिला नको, पाण्यात तोंड भरलेलं असताना 'पुरे' आणि 'पुढे' सारखंच ऐकू येतं म्हणे. 'थांब' नको, तो कुणीही कुणालाही म्हणतं. शेवटी तिनं 'चष्मा' ठरवलं. तलावाच्या मध्यात कुणी चष्मा मागत नाही, त्यामुळे गैरसमज व्हायचा नाही. ती 'चष्मा' म्हणाली की हात घालायचा, बाद झाली तरी चालेल. तिनं शपथ घेतली आहे.

मी तिला विचारलं, "आणि म्हणायला सुचलं नाही तर?" ती म्हणाली, "आई, आता तू पुन्हा सुरू होऊ नकोस."

तुमच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे, ते सरकवते.

वहिनी


१० मार्च

भाऊजी,

ओल्या कपड्यांनी गाडीत बसलात. ताप आला असेल, नक्की. मशीन सरकवलेलं तसंच आहे, पलंगावर धुतलेली चादर आहे, आणि तुम्ही दोन रात्री क्लबच्या होड्यांच्या खोलीत काढून परस्पर गेलात. मला बोललात ते किती? "वहिनी." आणि मी थर्मास हातात दिला तेव्हा, "साखर आहे ना?" एवढंच. बोलायचं ठेवून मी वाट बघत होते, पार झाल्यावर घरी येतील तेव्हा बोलू म्हणून.

तिथं काय झालं ते तुम्ही होडीतून बघितलंत, मी काठावरून. माझ्या बाजूनं काय दिसलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला पूर्ण कळेल.

मी आणि मास्तर पंचांच्या मोटारलाँचमधून आधीच पलीकडे पोचलो होतो. मास्तरांची दुर्बीण माझ्याकडे होती, शेवटपर्यंत मी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. धुकं नव्हतं. तिची पिवळी टोपी आणि डावीकडे तुमची होडी, एवढंच मी बघत होते. तिसरा बोया आला तेव्हा मी दुर्बीण खाली घेतली. पुन्हा लावली तेव्हा तुम्ही दोघं बोया ओलांडून पुढे आला होतात, आणि मी तिथंच खाली वाळूत बसले. मग तुम्ही जवळ येत गेलात. तुमचं तोंड दिसायला लागलं मला. तुम्ही एकदाही समोर बघत नव्हतात. काठाकडे नाही, लोकांकडे नाही, नुसतं तिच्याकडे. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी उठले आणि काठाकाठानं पुढे धावले, जिथून ती बाहेर येणार होती तिथं, तिच्या उजव्या हाताला. हात हलवत होते, ओरडत होते, काय ओरडले आठवत नाही. इतकं कमी पाणी उरलं होतं की आणखी थोड्या वेळानं तिचे पाय टेकले असते.

आणि तेव्हाच तुम्ही होडीतून झेपावलात आणि तिला पोहण्याच्या कपड्याच्या पट्ट्याला धरून वर ओढलंत.

लाँचमधून पंचांची शिट्टी वाजली. बाद.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. टॉवेल गुंडाळलेली पोरगी तुमच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत होती. "मी चष्मा म्हणाले का? म्हणाले का मी?" तुम्ही मार खात उभे राहिलात आणि म्हणालात, "तुझं तोंड दिसेना मला." ती म्हणाली, "तुला मी कधी माफ करणार नाही." त्यावर तुम्ही मान हलवलीत आणि चालायला लागलात, आणि मी हिला धरू की तुमच्यामागे धावू ह्यातच राहिले.

तोंड का दिसेना ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. लपवणं माझ्या स्वभावात नाही. डॉक्टरांनी तिला तपासलं. ती अगदी ठणठणीत होती. गोळा नाही, धाप नाही, काही नाही. शेवटी शेवटी ती उजवीकडे श्वास घ्यायला लागली होती, कारण उजवीकडे मी होते. तिला माझा आवाज आला आणि तिला मला बघायचं होतं. दर श्वासाला ती मला बघत होती, म्हणून तुम्हाला तिच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. मी डावीकडे उभी राहिले असते तर ती पार झाली असती. हे तिला अजून सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतेय.

म्हणजे तुम्ही चुकलात, भाऊजी. मास्तर म्हणतात चुकलात, तो मोबाइलवालाही म्हणतो, आणि त्या मेल्याला म्हणायचा काही अधिकार नाही. पण चुकलात हे खरं आहे. त्याला मी रंग फासणार नाही. तिची मेहनत गेली. तिच्या बापाचं राहिलेलं तिला पुरं करायचं होतं, ते राहिलंच. ती रात्री उशीत तोंड खुपसून रडते आणि मी दाराबाहेर उभी राहते.

तरीही माझं म्हणणं ऐका. हीच चूक तुमच्या हातून चार वर्षांपूर्वी झाली असती तर काय झालं असतं? ह्यांना तुम्ही असंच मध्येच ओढून काढलं असतंत, बाद केलं असतंत. ह्यांनी तुमचा असा उद्धार केला असता की विचारू नका. 'माझ्या सख्ख्या भावानं माझा घात केला' म्हणून जो भेटेल त्याला सांगितलं असतं. अजूनही बोलले नसते तुमच्याशी. पेपर तोंडापुढे धरून बसले असते, तुम्ही आलात की आत निघून गेले असते, आणि मी मधल्या मध्ये दोघांचे निरोप पोचवत बसले असते, सांग तुझ्या दिराला, सांगा तुमच्या नवऱ्याला, असं. वैतागले असते मी. किती वैतागले असते!

म्हणून ताप उतरला की कळवा, आणि त्या लिफ्टवाल्या बाईंना सांगा की तुम्हाला माणसं आहेत, भांडकुदळ आहेत पण आहेत. मी तुमच्यावर रागावलेली नाही.

ती मात्र रागावली आहे. कालपासून माझ्याशीही बोलत नाही, कारण मी तुमची बाजू घेतली. घरभर पाय आपटत फिरते, कपाटं धडाधड लावते, नळ सोडून ठेवते. आत्ता येऊन मागे उभी राहिली आणि विचारलं, "कुणाला लिहितेयस?" मी म्हटलं, "तुझ्या काकाला." म्हणाली, "त्याला माझा निरोप लिही. मी त्याच्याशी आयुष्यभर बोलणार नाही."

मी म्हटलं, लिहिते. तर हा निरोप लिहिला. आयुष्यभर म्हणाली, भाऊजी. आयुष्यभर.

वहिनी